जॉर्जियातली माणसं हसत का नाहीत? (लेक तिबिलिसीत शिकतेय)

वेंगुर्लेकरीण | ३ ऑगस्ट २०२५, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, अटलांटावालं जॉर्जिया नव्हे. रशियाच्या खाली कॉकेशसच्या डोंगरात काळ्या समुद्राला लागून जो छोटा देश आहे तो. माझी लेक तिथे तिबिलिसीत मेडिकलला आहे, पहिलं वर्ष झालं. वर्षभर हॉस्टेलला काढलं आणि आता दोन मैत्रिणींबरोबर जुन्या इमारतीत जागा घेतलीय. घरमालकीण बाई सत्तरीच्या, समोरच्याच दारात राहतात. माझा प्रश्न या बाईंबद्दलच आहे.

बाई कधी म्हणून हसत नाहीत. जिन्यात भेटल्या तर साधी मानही हलवत नाहीत. पण रोज संध्याकाळी दार वाजवतात आणि काहीतरी झाकून आणलेलं पोरींच्या हातात ठेवतात, ठेवताना कपाळाला आठ्या, तोंडाने काहीतरी पुटपुटणं, की चालल्या परत. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना मीच ऐकलं, "शेनी चिरिमे" असं काहीतरी. आता मला मेलीला त्यात शेण आणि चिरणं एवढंच ऐकू आलं. लेकीला विचारलं तर म्हणे आई माहीत नाही, कॉलेजात सगळं इंग्रजीतच असतं. ओरडतात का पोरींना? ओरडतात तर खायला का आणतात?

ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं दहा दिवस जाणार आहोत. काय बघायचं त्याच्या याद्या भरपूर मिळाल्या. मला माणसं कशी आहेत ते हवंय. कोणी राहिलंय का तिथे?

भटक्या_जोशी | ३ ऑगस्ट, रात्री ११:४०

राहिलो नाही पण २०१९ मध्ये बारा दिवस फिरलोय. हसण्याबद्दल अगदी बरोबर बोललात. तिबिलिसीहून काझबेगीला जायला मार्शुत्का घेतली (आपली वडाप म्हणा, माणसं भरली की सुटते), दीडेकशे किलोमीटर. ड्रायव्हर पूर्ण वाटेत एक शब्द बोलला नाही, फक्त प्रत्येक चर्च दिसलं की स्टिअरिंग सोडून तीनदा क्रूस करायचा, आणि चर्च तिथे वळणावळणाला आहेत, त्यामुळे माझा जीव वरखाली. ज्वारी खिंड २,३७९ मीटरवर आहे, तिथे गाडी थांबवली, खाली उतरला, आणि येताना माझ्या हातात एक चुर्चखेला ठेवली. चुर्चखेला म्हणजे दोऱ्यात ओवलेले अक्रोड, द्राक्षाच्या रसाच्या घट्ट खिरीत बुडवून वाळवलेले, लांबून मेणबत्तीच वाटते. पैसे द्यायला गेलो तर असा बघितला माझ्याकडे की मी पाकीट आत ठेवलं.

वर गेर्गेतीचं चर्च २,१७० मीटरवर आणि मागे काझबेक ५,००० च्या वर. ढग सरकले आणि तो डोंगर दिसला तेव्हा गाडीतले सगळेच गप्प झाले. ड्रायव्हर तर आधीच गप्प होता.

पटावरचा_उंट | ४ ऑगस्ट, सकाळी ८:०५

नागपूरकर म्हणून हजेरी लावतो! आत्ताच २८ जुलैला आमच्या दिव्या देशमुखने बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला की हो, कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून, आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. रात्र रात्र जागून बघितलंय. बाटुमी जॉर्जियाचंच, काळ्या समुद्रावरचं.

आणि जागा बघा कुठली! १९६२ पासून १९९१ पर्यंत महिलांचं जगज्जेतेपद याच एका देशात होतं. आधी नोना गाप्रिंदाश्विली, मग १९७८ पासून मायिया चिबुर्दानित्झे. नोना ही ग्रँडमास्टर किताब मिळवणारी जगातली पहिली बाई. मुलीला लग्नात बुद्धिबळाचा पट द्यायची पद्धत होती असं तिथे सांगतात. सगळा देश ६९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या विदर्भापेक्षा लहान, लोकसंख्या ३७ लाखांच्या आसपास. मला या गोष्टीचा फार आदर वाटतो.

तुमच्या त्या आजींना दिव्याचं नाव सांगून बघा, चेहरा हलतो का ते कळवा.

सडेतोड_नाना | ४ ऑगस्ट, सकाळी ११:३०

सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. माझ्या पुतण्याला तिथे घर शोधताना तीन ठिकाणी तोंडावर सांगितलं, भारतीयांना देत नाही. मसाल्याचा वास येतो म्हणे. बसमध्ये शेजारची सीट सोडून लोक उठले असंही झालंय. हसत नाहीत याला उगाच संस्कृतीचं नाव देऊ नका. काही जणांना परके नको असतात. ताई, तुमच्या लेकीला चांगली मालकीण मिळाली हे नशीब समजा.

भटक्या_जोशी | ४ ऑगस्ट, दुपारी १२:१०

@नाना, तुमचा अनुभव खोटा म्हणणार नाही. पर्यटकाला जे दिसतं आणि भाड्याने घर मागणाऱ्याला जे दिसतं त्यात फरक असणारच. पण भारतीयांना घर नाकारणारा तिथला मालक आणि ताटात झाकून आणणाऱ्या या बाई, दोघं एकाच गावात राहतात. म्हणून तर ताईंना प्रश्न पडलाय.

निळी_मेथी | ४ ऑगस्ट, दुपारी ३:२२

काय आणतात झाकून ते लिहिलंच नाही तुम्ही!! मी अंदाज करते. लोबियो असणार, म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेला राजमा, भरपूर कोथिंबीर. त्याच्याबरोबर म्चादी, मक्याच्या पिठाची हातावर थापलेली जाड भाकरी. दोन्ही एकत्र खाल्लं की तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल, मी लिहून देते. वांग्याच्या तळलेल्या कापात अक्रोडाचं वाटण भरून गुंडाळ्या करतात, बद्रिजानी. आणि खिंकाली! त्याला मोदक म्हणू नका असं मला तिथल्या मैत्रिणीने बजावलंय, पण कळ्या पाडतात त्या तश्शाच. शेंडीला धरून उलटी करायची, आधी एक छोटा चावा घेऊन आतला रस प्यायचा, शेंडी खायची नाही, ताटात ठेवायची. शेवटी शेंड्या मोजून कोणी किती हाणल्या ते ठरतं. मूळ मांसाची, पण बटाट्याची, मशरूमची, चीजचीही मिळते.

शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करून जा, "सामार्ख्वो". म्हणजे उपासाचं. त्यांचे ऑर्थोडॉक्स उपास कडक असतात, मांस नाही दूध नाही अंडं नाही, आणि वर्षातले कितीतरी दिवस. त्यामुळे हॉटेलवाल्याला व्हेजिटेरियन समजावत बसण्यापेक्षा हा शब्द टाकायचा, लगेच कळतं.

माझं नाव जिच्यावरून घेतलंय ती निळ्या फुलांची मेथी त्यांच्या मसाल्यात असते, उत्सखो सुनेली, शब्दशः "परका सुगंध". आणि वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्या कुटून घालतात. हो, झेंडू. दसऱ्याला दाराला लावतो तोच. इमेरेतीचं केशर म्हणतात त्याला.

खमंग_काकडी | ४ ऑगस्ट, दुपारी ४:००

मी ऐकलंय की जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे बाबा, देदा म्हणजे आई, आणि चाचा म्हणजे द्राक्षाची दारू. घरात हाक मारायची पंचाईत :)

माळावरचा | ५ ऑगस्ट, रात्री ९:१८

सहसा वाचतो फक्त, पण या विषयावर लिहिल्याशिवाय राहवेना. आम्ही धनगर. आजोबांपर्यंत दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो, पावसाळ्याआधी वर. मी नोकरीनिमित्त दोन वर्षं अझरबैजानला होतो तिथून सुट्टीत जॉर्जियाच्या काखेती भागात गेलो, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. रस्त्यावर गाड्या थांबलेल्या आणि पुढे मेंढरंच मेंढरं. हॉर्न कोणी वाजवत नव्हतं.

ही तुशेतीची मेंढरं. तुशेती म्हणजे उत्तरेला चेचन्या-दागेस्तानच्या सीमेवरचा डोंगराळ भाग, वर जायला एकच रस्ता, आबानोची खिंड २,८०० मीटरच्या वर, आणि तो ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत बर्फाने बंद. म्हणून मेंढपाळ बर्फाआधी खाली सपाटीवर येतात आणि उन्हाळ्यात परत चढतात. गावंच्या गावं हिवाळ्यात रिकामी, फार थोडे जण मागे राहतात. एक म्हातारा मेंढपाळ घोड्यावर होता, अंगावर काळा जाड लोकरीचा झगा, त्याला नबादी म्हणतात. मी हात लावून बघितला. विणलेला नाही, लोकर ओली करून दाबून केलेला, पण वास घोंगडीचाच. आजोबांच्या घोंगडीचा. मला भाषा येत नव्हती, फोनवर आजोबांचा मेंढरांसोबतचा जुना फोटो होता तो दाखवला. त्याने बराच वेळ बघितला, मग घोड्यावरून उतरला आणि पिशवीतून चीजचा तुकडा कापून दिला. मेंढीच्या कातड्याच्या पिशवीत मुरवतात ते, गुडा नाव. खारट, उग्र. तोही हसला नाही ताई. पण कळपामागून आलेल्या पोराला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता, आणि त्या पोराने टोपी काढली.

तुम्ही ऑक्टोबरमध्ये जाताय तर तुशेतीला चढता येणार नाही, पण खालच्या रस्त्यावर कळप भेटतील. द्राक्षांची तोडणीही त्याच सुमारास असते, र्त्वेली म्हणतात. शक्य असेल तर काखेतीत एक दिवस ठेवा.

निळी_मेथी | ५ ऑगस्ट, रात्री ९:४५

@माळावरचा, तीनदा वाचला. अजून लिहा ना कधीतरी सविस्तर.

ठाकूरद्वारचे_आजोबा | ६ ऑगस्ट, सकाळी ६:३०

मी १९८६ साली कंपनीच्या कामाने मॉस्कोस गेलो होतो, तेथून चार दिवस तिबिलिसी. आमच्या लहानपणी "सोव्हिएत देश" मासिकाच्या गुळगुळीत कागदाची वह्यांना कव्हरे घालीत असू, त्यातील चित्रांमुळे सगळे सोव्हिएत लोक ट्रॅक्टरवर बसून हसतात अशी माझी समजूत! प्रत्यक्षात मॉस्को गंभीर आणि तिबिलिसीही गंभीर, परंतु तिबिलिसीत संध्याकाळी टेबलाशी बसले की माणूस बदलतो. जेवणास सुप्रा म्हणतात, त्याचा एक प्रमुख असतो तमादा. तो उभा राहून बोलल्याशिवाय कोणी पेला तोंडास लावीत नाही. देशासाठी, आईबापांसाठी, पाहुण्यांसाठी. मग गेलेल्यांसाठी, आणि त्यानंतर लगेच मुलांसाठी. मी भारतीय म्हटल्यावर राज कपूरच्या नावानेही पेला झाला. त्या काळात गोर्बाचेव्हची दारूबंदी मोहीम जोरात होती, द्राक्षवेलीसुद्धा उपटल्या गेल्या. आठ हजार वर्षे जमिनीत मडकी पुरून वाइन करणारे लोक. आमचे यजमान त्याविषयी बोलताना रडले होते.

गोरी हे स्टॅलिनचे जन्मगाव, त्याचे संग्रहालय तेथे आहे. जॉर्जियाने रशियाला स्टॅलिन दिला हेही विसरू नये.

कोरी_ओळ | ६ ऑगस्ट, सकाळी १०:५०

आजोबा, नमस्कार. गोरीच्या चौकातला स्टॅलिनचा पुतळा २०१० मध्ये रात्रीतून काढला, संग्रहालय राहिलं. त्यावर तिथे घराघरात वाद आहेत.

पण सोव्हिएत म्हणून सगळ्यांना एकाच टोपलीत टाकू नका एवढंच. जॉर्जियन भाषेचा रशियनशी काडीचा संबंध नाही. संस्कृत, फारसी, रशियन, मराठी ज्या एका मोठ्या कुळातल्या त्या कुळातलीच ती नाही. देशाचं त्यांच्या भाषेतलं नाव साकार्तवेलो. जॉर्जिया हे बाहेरच्यांनी दिलेलं, फारसीत गुर्जिस्तान. (कोणीतरी आता गुर्जर आणणार, नका आणू, संबंध नाही.) लिपी स्वतःची, ३३ अक्षरं, सगळी गोल वेलबुट्टीसारखी, एकाही अक्षराला शिरोरेघ नाही. व्यंजनं मात्र एकापुढे एक, "ग्व्फ्र्त्स्क्व्नी" हा खरा शब्द आहे, अर्थ "तू आम्हाला सोलतोस". देवनागरीत लिहिता येतो हे आपलं भाग्य.

मोजणी विसाची. चाळीस म्हणजे दोन विसा, साठ म्हणजे तीन विसा, ९९ म्हणजे चार विसा नि एकोणीस. माझी आजी नारळ असेच मोजायची.

आणि १९७८ सालची गोष्ट सांगायलाच हवी. नव्या राज्यघटनेतून जॉर्जियनचा राजभाषेचा दर्जा काढायचं ठरलं. १४ एप्रिलला तिबिलिसीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. सोव्हिएत राजवटीत, ब्रेझनेव्हच्या काळात, जिथे पाच माणसं जमली तरी उचलायचे तिथे हजारो पोरं. आणि सरकारने माघार घेतली, दर्जा राहिला. तो दिवस भाषादिन म्हणून पाळतात. ३७ लाख लोकांची भाषा, आणि आपण किती कोटी आहोत. मला हे वाचून झोप लागली नव्हती.

वेंगुर्लेकरीण | ६ ऑगस्ट, रात्री १०:३०

किती छान लिहिताय सगळे, यांना रोज वाचून दाखवते. निळी मेथी, अंदाज बरोबर! राजमा आणि मक्याची भाकरी आठवड्यातून दोनदा. पण शेनी चिरिमे कोणीच सांगितलं नाही. आणि गेल्या हिवाळ्यात तिथे संसदेसमोर रोज निदर्शनं चालली होती, लेकीचं कॉलेज त्याच बाजूला, तेव्हा आमची झोप उडाली होती. आता काय परिस्थिती?

पणजीचो | ७ ऑगस्ट, दुपारी १:१५

वेंगुर्ल्याच्या म्हणजे आमच्या शेजारीण तुम्ही. मग जायच्या आधी एक काम करा, जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या भग्न मनोऱ्याकडे जाऊन या.

जॉर्जियाची राणी केतेवान, काखेतीची. इराणच्या शाह अब्बासने तिला शिराजला वर्षानुवर्षं कैदेत ठेवलं, धर्म सोड म्हणून. तिने सोडला नाही. १६२४ च्या सप्टेंबरमध्ये तापवलेल्या सांडशीने हाल करून मारली. तिथल्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्रींनी तिच्या अस्थी मिळवल्या, त्यातला काही भाग गोव्याला आणून या चर्चमध्ये ठेवला. पुढे १८३५ मध्ये पोर्तुगालने पाद्र्यांचे मठ बंद केले, चर्च ओस पडलं, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. अस्थी मातीखाली. जॉर्जियन लोक सोव्हिएत काळापासून येऊन शोधत होते. २००४ मध्ये पुरातत्त्व खात्याला हाताचं हाड मिळालं आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासून ते तिचंच असण्याला दुजोरा दिला. २०२१ च्या जुलैमध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यातला एक भाग तिबिलिसीला नेऊन दिला.

तिथे ती संत आहे. शाळेतल्या पोरालाही माहीत. आमच्याकडे मात्र मनोऱ्याखाली फोटो काढणाऱ्या दहातल्या एकालाही माहीत नसतं, मला याचं वाईट वाटतं.

वेंगुर्लेकरीण | ७ ऑगस्ट, दुपारी २:०२

अहो मी शाळेच्या सहलीला तिथे बसून डबा खाल्लाय. काही काही माहीत नव्हतं.

लातूर_ते_तिबिलिसी | ९ ऑगस्ट, रात्री १२:४५

धागा आत्ता दिसला, इंटर्नशिप चालू आहे त्यामुळे उशीर. सहा वर्षं तिबिलिसीत काढली.

ताई, त्या ओरडत नाहीयेत. "शेनी" म्हणजे तुझं. "चिरी" म्हणजे रोगराई, पटकीसारखी साथ. "मे" म्हणजे मला. तुझं दुखणं मला येवो. आपल्या आज्या कानशिलावर बोटं मोडून इडापिडा टळो म्हणतात, अलाबला घेतात, अगदी तेच, फक्त यांनी टळो म्हणायच्याही पुढे जाऊन स्वतःवर ओढून घेतलंय. असाच दुसरा शब्द "गेनात्सवाले", तुझ्या जागी मी. बाजारात भाजीवालीसुद्धा म्हणते. सहाव्या वर्षी मला डेंग्यूसारखा ताप आला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बेबियाने (आजीने) रात्रभर बसून हेच म्हटलं होतं.

नानांचं पण खरं आहे. मलाही घर नाकारलंय. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियातून लोंढा आला, भाडी दुप्पट झाली, तेव्हा तर विद्यार्थ्यांना कोणी विचारत नव्हतं. त्यात काही लोक वाईट वागले, काही आपलीही पोरं रात्री दोनला गाणी लावतात.

हसू तिथे ओळखीच्यांसाठी राखून ठेवतात. अनोळखी माणसाकडे बघून हसलं तर खोटा आहे की काय असं वाटतं. आणि सत्तरीच्या बाई म्हणजे तुम्ही नव्वदचं दशक धरा. १९९१ मध्ये स्वातंत्र्य, वर्ष संपायच्या आत भर शहरात रुस्तावेली रस्त्यावर तोफा, मग कित्येक हिवाळे वीज नाही गॅस नाही, रॉकेलवर खोली गरम करायची. अबखाझिया या काळ्या समुद्रावरच्या प्रांतातल्या युद्धात दोन लाखांवर जॉर्जियन घरं सोडून आले. तिबिलिसीच्या मधोमध इवेरिया नावाचं भपकेबाज हॉटेल होतं, त्याच्या खोल्याखोल्यांत निर्वासित राहायचे, बाल्कन्या प्लायवूडने बंद केलेल्या, २००४ पर्यंत. २००८ ला परत युद्ध. आज देशाचा पाचवा भाग रशियाच्या ताब्यात आहे, भिंतीभिंतीवर लिहिलेलं दिसेल. तुमच्या बाई मूळच्या कुठल्या, लेकीला हळूच विचारायला सांगा.

निदर्शनं अजून चालू आहेत, पण त्या चौकातून वळसा घालून जायचं, लेकीला एव्हाना माहीत असेल. त्यापेक्षा हिवाळ्यात हीटरकडे आणि खिडकीच्या फटीकडे लक्ष द्यायला सांगा. गुदौरीत (तिथलं स्कीइंगचं ठिकाण) डिसेंबर २०२४ ला कार्बन मोनॉक्साइडने झोपेत बारा जण गेले, बहुतेक आपलेच लोक. एक अलार्म मिळतो भिंतीला लावायचा, महाग नाही, आल्या आल्या घेऊन द्या.

सडेतोड_नाना | ९ ऑगस्ट, सकाळी ९:००

अलार्मचं सांगितलंत ते फार चांगलं केलंत डॉक्टर. पुतण्याला आत्ताच फोन केला.

खमंग_काकडी | ९ ऑगस्ट, सकाळी ९:२०

तुझं दुखणं मला येवो. ऑफिसात बसून डोळ्यात पाणी.

वेंगुर्लेकरीण | २७ ऑक्टोबर, रात्री ११:०५

परत आलो. उशीर झाला, पण सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं मुद्दाम जुन्या गोव्याला गेलो. मनोऱ्याचा फोटो काढला, मोठा करून घेतला. बरोबर काजूगर आणि कोकमं. तिबिलिसीत पोचलो त्याच संध्याकाळी बाईंच्या दारात गेलो. काजू घेतले, आठ्या तशाच. मग लेकीने फोनवर भाषांतर लावलं आणि मी फोटो पुढे केला, म्हटलं गोवा, केतेवान. आमचं घर इथून जवळ.

बाई खुर्चीवर बसल्याच. तीनदा क्रूस केला, फोटोला ओठ लावले आणि उठून कोपऱ्यातल्या देवांच्या तसबिरींशेजारी ठेवला. मग फोन सुरू झाले. तासाभरात भाऊ आला, भावजय आली, शेजारचे आले, टेबल भरलं. ठाकूरद्वारच्या आजोबांनी लिहिलेलं सगळं तसंच झालं, भाऊ तमादा. गेलेल्यांचा पेला आला तेव्हा यांनी त्यांच्या वडिलांचं नाव घेतलं, मी माझ्या आईचं. सगळ्यांनी ती नावं मोठ्याने म्हटली. वेंगुर्ल्याच्या माझ्या आईचं नाव त्या लोकांच्या तोंडून ऐकलं.

त्या सुखुमीच्या, अबखाझियातल्या. १९९३ च्या सप्टेंबरात शहर पडलं तेव्हा चाळीसच्या होत्या. स्वानेतीच्या डोंगरातून चालत आल्या, वर बर्फ लागलं, बरोबरची काही माणसं वाटेतच राहिली. घराला संत्र्यांची झाडं होती म्हणाल्या. एवढंच सांगितलं, पुढे मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही.

@माळावरचा, काखेतीच्या रस्त्यावर कळप भेटला, पाऊण तास थांबलो. यांनी व्हिडिओ काढलाय, तुमच्यासाठी. @उंट, दिव्याचं नाव सांगितलं. भावाला माहीत होतं, त्याने लगेच पट काढला आणि यांना दोनदा हरवलं. @डॉक्टर, अलार्म लावला. एक बाईंच्या खोलीतही लावला, आधी नको नको म्हणत होत्या.

निघताना जिन्यात माझ्या हातात एक बरणी दिली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून तेच म्हणाल्या, शेनी चिरिमे. मला काय सुचणार, मी त्यांच्या कानशिलावरून हात फिरवून माझ्या कानशिलावर बोटं मोडली. कडाकडा वाजली. बाईंनी माझ्या बोटांकडे बघितलं आणि लेकीकडे बघून काहीतरी विचारलं. लेकीने जॉर्जियनमध्ये उत्तर दिलं, फोन न बघता.

नाही हसल्या. पण फाटकापर्यंत खाली आल्या, चार मजले, लिफ्ट बंद होती.

निळी_मेथी | २७ ऑक्टोबर, रात्री ११:३०

बरणीत काय होतं? त्केमाली का, आंबट प्लमची चटणी? हिरवी की लाल?

वेंगुर्लेकरीण | २८ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

हिरवी. अर्धी संपली पण, हे घावनाबरोबर खातायत.